अकराव्या महिन्याचा रिकामा दिवस

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की एवढ्याशा गोष्टीला बाई इतकी का घाबरली. लहानपणी मी म्हशीला भ्यायचे, मग गणिताच्या बाईंना, लग्नानंतर काही दिवस सासूबाईंना. त्या सगळ्या भीती वयाबरोबर गेल्या. घराची भीती मात्र पस्तिशीत आली आणि मुक्कामालाच राहिली. दर अकरा महिन्यांनी ती अशी काही वर येते, की मला जेवण गोड लागत नाही.

उचगावात आम्ही भाड्याने राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे हातभर परडं. मालकांचं घर शेजारीच, मधे छातीएवढी भिंत. नवरा फौंड्रीत कंत्राटावर आहे, मी शहरात एका छापखान्यात संगणकावर मजकूर जुळवते, लेक शिकते आहे. घर साधं आहे, पण पाणी रोज येतं, दुपारी वारा खेळतो आणि मालक-मालकीण वाईट नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, एकदा भांडून मोकळी तरी झाले असते.

सात वर्षांपूर्वी घर बघायला आलो, तेव्हा मालकांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, नवऱ्याला दारू पितोस का म्हणून तोंडावर विचारलं. मग कट्ट्यावर बसून त्यांनी अट सांगितली. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर, डोक्याला टोपी, आवाज असा की दोन गल्ल्यांत ऐकू जावा.

"अकरा म्हैनं झालं, की एक दिवस घर रिकामं करायचं. सगळं भाईर. केरसुणी सुदीक आत ऱ्हायाची न्हाय. दिस उगवल्यापास्नं मावळंस्तवर घर माझं. मी आत जाऊन दूध उतू घालणार, बसून भाकरी खाणार. दिस मावळला की किल्ली तुमची. पटतंय तर ऱ्हावा."

नवऱ्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तो म्हणाला, "आबा, स्टॅम्पावर करार करतोय की आपण. अकरा महिन्यांनी नवा करार. बास झालं."

"कागदाचं मला सांगू नका पावणं. कागदावरच गेलंय आमचं रान."

मग ती गोष्ट आम्ही पहिल्यांदा ऐकली. पुढे किती वेळा ऐकली त्याला गणती नाही. मालक शेंबडं पोर होते, तेव्हा त्यांचे वडील आजारी पडले. रान पडून राहू नये म्हणून एका वर्षासाठी एकाला कसायला दिलं. वर्षाची दोन झाली, दोनाची चार. त्या माणसाने बांधावर आंबा लावला. वडील म्हणाले, लावू दे की, आंबा काय रान खातोय? आणि मग कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. तलाठ्याच्या कागदावर कुळाचं नाव चढलं आणि मालकांच्या घराण्याचं नदीकडचं सगळ्यात चांगलं रान गेलं. साक्षीला उभं राहिलेल्या एका म्हाताऱ्याने एवढंच सांगितलं होतं म्हणे, की आंबा ह्यानंच लावलाय, मी बघितलंय.

तेव्हापासून मालकांच्या डोक्यात पक्कं बसलं, की बारा महिने सलग जो राहील त्याचं होतं. रान काय आणि घर काय. तो कायदा शेतजमिनीचा, दोन खोल्यांना लागू होत नाही, असं त्यांना त्यांच्या पोरांनी सांगितलं, वकिलाने सांगितलं, माझ्या नवऱ्यानेही सांगून बघितलं. मालक म्हणाले, "कायदा काय पत्र टाकून येतोय व्हय?" आमच्या गल्लीतले दोन-तीन घरवाले ही पद्धत बघून त्यांना हसायचे. पण त्यांचेही भाडेकरू अकरा महिन्यांनी बदललेले असायचे, हे मी पाहत होते.

आम्ही हो म्हटलं, कारण भाडं साडेतीन हजार होतं. तेवढ्यात दुसरीकडे दीड खोली मिळत होती.

पहिला रिकामा दिवस जुलैअखेर आला. पाऊस धो धो. नवऱ्याने मित्राचा टेम्पो आणला, आम्ही पहाटे उठून भांडी, गाद्या, गॅस, देव, सगळं चढवलं आणि वर ताडपत्री बांधली. मालकांनी आत जाऊन कोपरे बघितले. कडीमागे माझं एक पोलकं राहिलं होतं, ते त्यांनी काठीने उचलून बाहेर आणून दिलं. मग आपलं कुलूप लावून ते दूध आणायला गेले. आम्ही गल्लीच्या तोंडाला दूध संस्थेच्या पत्र्याखाली टेम्पो लावून बसलो. येणारा-जाणारा विचारायचा, "काय पावणं, निघाला व्हय?" नवरा हसून सांगायचा, न्हाय न्हाय, सांजच्याला परत. मला हसू येत नव्हतं. आपला सगळा संसार चार चाकांवर, घराला दुसऱ्याचं कुलूप, आणि त्या क्षणी कुणी पत्ता विचारला असता तर सांगायला पत्ता नव्हता. दुपारी एक गाडी आली, गाडीतून पँट-शर्टातला माणूस उतरला आणि मालक त्याला घर दाखवताना दिसले. मी नवऱ्याला म्हटलं, गेलं, घर गेलं आपलं. तो माणूस मालकांचा भाचा निघाला, कौल गळतंय का बघायला आलेला. पण संध्याकाळी किल्ली हातात पडेपर्यंत मी दाराच्या कुलपाकडेच बघत होते.

त्या दिवसापासून मी संसार आटोपशीर केला. कपाट घेतलं नाही. फ्रीज घेतला तो एकट्या माणसाला उचलेल असा. भिंतीत एकही खिळा ठोकला नाही, कालनिर्णयसुद्धा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधते. लोकांचं वर्ष बारा महिन्यांचं, आमचं अकरा. त्यामुळे रिकामा दिवस दर वर्षी एक महिना मागे सरकायचा. जुलै, मग जून, मग मे. रणरणत्या उन्हात, वळवाच्या वाऱ्यात, एकदा ऐन पाडव्याच्या तोंडावर आमचा टेम्पो संस्थेपुढे उभा राहिला. आणि दर वेळी किल्ली देताना मालक भाडं वाढवायचे. कधी तीनशे, कधी सातशे. ओरडायला तोंड नव्हतं, कारण बाजारात काय चाललं होतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

छापखान्यात घरांच्या स्कीमची पत्रकं माझ्याच हातून जायची. 'शहरापासून फक्त दहा मिनिटांवर.' कुठलं शहर आणि कसली दहा मिनिटं, हे विचारायचं नाही. 'हप्ता भाड्याइतकाच!' हे वाक्य तर मी इतक्या वेळा जुळवलंय, की झोपेत सांगेन. पहिल्या वर्षी त्या पत्रकात जो आकडा होता, तो तीन वर्षांत दीडपट झाला. आमच्या मागच्या उसाच्या रानात गुंठ्या-गुंठ्याचे दगड पडले, हायवेकडच्या बाजूला रो-बंगले उठले. बँकेत आम्हीही जाऊन आलो. साहेबांनी नवऱ्याची पगारचिठ्ठी मागितली. कंत्राटदार चिठ्ठी देत नाही म्हटल्यावर त्यांनी चहा मात्र दिला. नवा दर पत्रकात जुळवताना मी मूळ कागद दोनदा बघून घ्यायचे. आकडा माझ्याच हाताने वाढवायचा आणि त्यालाच घाबरायचं, असा माझा धंदा.

आता खरी गोष्ट सांगते, जी मी मालकांपासून सहा वर्षं लपवली.

माझं माहेर नेसरीकडचं. चार एकर रान, विहीर, बांधावर रायवळ आंब्याची सात झाडं. हे रान आमचं कसं झालं? कूळकायद्यात. माझा आजोबा दुसऱ्याच्या रानात कूळ होता. आमच्या घरात ही गोष्ट अभिमानाची. आजोबाने कसं वावर फोडलं, कशी मामलेदारापुढे पागोटं काढून न ठेवता साक्ष दिली, हे आप्पा, म्हणजे माझे वडील, आल्या-गेल्याला सांगतात. सांगताना उजवा हात हवेत उंच नेतात आणि झपकन मांडीवर आणतात. लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा सांगितलं होतं. मी मालकांची गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा माझे कान तापले होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. घरी येऊन आम्ही ठरवलं, माहेरच्या रानाचा विषय ह्या गल्लीत काढायचा नाही.

पण माहेरच्या माणसाला कोण आवरणार? एका मे महिन्यात आप्पा आंब्यांची पिशवी घेऊन आले. जेवल्यावर परड्यात बसून आंबा चोखला आणि कोय तिथेच अंगठ्याने मातीत दाबली. शेतकऱ्याचा हात, त्याला कोय फेकवत नाही. मला कळलं ते पाऊस लागल्यावर, तांबूस पानं वर आली तेव्हा. त्याच वेळी उपटून टाकायला हवं होतं. दोन बोटांचं काम होतं. मी वाकलेही. पान चुरडून वास घेतला, तर आमच्या बांधाचा वास. मग मी त्याच्यापुढे एक फुटकी घागर आडवी टाकली, म्हणजे भिंतीवरून दिसू नये. झाड लावणं म्हणजे काय हे ज्या माणसाला बालपणापासून टोचतंय, त्याच्याच परड्यात मी आंबा वाढवत होते. अक्कल गहाण पडते ती अशी.

सहावा रिकामा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी आला. लेक दहावीला, पेपर चार दिवसांवर. त्या वर्षी भाड्यांना नुसता भडका उठला होता. भीतीपोटी मी महिनाभर आधीच दुसरी घरं बघून ठेवायला निघाले होते. एक एजंट भेटला, तो आमचं भाडं ऐकून मनापासून हसला. म्हणाला, "वैनी, त्या भाड्यात आता गोठा बी मिळत न्हाय. मिळाला तर मला सांगा, मीच ऱ्हातो." ज्या घरांची भाडी जमण्यासारखी होती, त्यांचं डिपॉझिट जमण्यासारखं नव्हतं. एका बाईंनी दहावीची मुलगी म्हटल्यावर, वर्षभर मैत्रिणी येणार, नको, असं सांगून दार लावलं. तेव्हा आमच्यापुढे हे एकच घर होतं, आणि संध्याकाळी किल्ली मिळाली नसती तर लेकीला कुठे बसवून अभ्यास करायला लावायचा, ह्याला उत्तर नव्हतं.

आणि नेमके आप्पा डोळ्याच्या ऑपरेशनला आलेले. एका डोळ्याला हिरवी पट्टी. मी त्यांना बजावलं, "आप्पा, मालकांशी ऊस बोला, दूध बोला, देव बोला. रानाचं बोलायचं न्हाय."

"मी कशाला बोलतोय बाई? मी तोंड उघडत न्हाय," आप्पा म्हणाले.

सकाळी टेम्पो भरला. घागर उचलावी लागली, कारण केरसुणीसुद्धा आत राहायची नव्हती. रोप उघडं पडलं. गुडघ्याएवढं झालं होतं. मी त्याच्यावर पाला पसरला आणि बाहेर आले. मालक आत गेले, दूध उतू घातल्याचा वास आला. थोड्या वेळाने ते दारात आले आणि म्हणाले, "आवो पावणं, डोळ्याचं माणूस उन्हात काय बसवताय? या की आत. भाकरी खावा माझ्यासंगं."

मी काही बोलायच्या आत आप्पा निघालेसुद्धा.

संस्थेच्या पत्र्याखालून मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघे दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. दोन म्हातारे मांडीला मांडी लावून बसलेले, हसतायत, कांदा फोडतायत. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग आप्पांनी मागच्या दाराकडे बोट केलं. मालकांनी वळून बघितलं. आणि मग आप्पांचा उजवा हात हवेत उंच गेला आणि झपकन मांडीवर आला.

मालकांचा घास हातातच राहिला. मी लेकीचा दंड इतका घट्ट धरला, की ती ओरडली.

आप्पा दहा मिनिटांनी बाहेर आले, खुशीत. "लई चांगला माणूस हाय. आपल्या रानाची गोष्ट सांगितली त्यास्नी. ऐकून गप्पच झाला बग." एक डोळा बांधलेला, दुसऱ्यात एवढं समाधान. मी तोंड फिरवून रडले. मालकांनी आतून दार ओढून घेतलं होतं.

दिवस सरता सरेना. लेक गाद्यांच्या वळकटीवर बसून इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होती. नवरा एकेका मित्राला फोन लावत होता, दोन-तीन दिवस सामान ठेवायला जागा हाय काय. मालकीण काकी कट्ट्यावर येऊन गेल्या. मी विचारलं, "काकी, आबा काय म्हणतायत?" त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? मी हाक मारून आलो, आतनं ऊं न्हाय की चूं न्हाय." ऊन पन्हाळ्याच्या बाजूला कललं, दूध घालायला माणसं आली, गेली. सूर्य गेला. दर वेळी रिकाम्या दिवशी एव्हाना किल्ली हातात असायची. दिवे लागले तरी दार उघडलं नाही.

नवरा म्हणाला, मी जातो. मी म्हटलं, नको, रान माझ्या माहेरचं, मीच जाते.

आत दूध करपल्याचा वास कोंडला होता. रिकाम्या खोलीत आपलाच पाय मोठा वाजतो. मालक मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले होते, पाला बाजूला केलेला, समोर रोप. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ज्याचं रान तुमास्नी मिळालं, त्याचं फुडं काय झालं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आप्पांच्या गोष्टीत तो माणूस मामलेदाराच्या दारातच संपायचा. मी खोटं बोलू शकले असते. पण भीती एका टोकाला गेली की माणूस खरंच बोलतो.

"गाव सोडलं त्यांनी, आबा. शहरात कुठंतरी भाड्यानं राहायचे असं ऐकलंय. जत्रेला त्यांची सून यायची कधी कधी. ती गल्लीत दिसली की आमची आज्जी दार लावून घ्यायची."

"का?"

"भ्यायची."

ते वळले. "तुमी भ्यायचा? रान तुमास्नी मिळालं, आन् तुमी भ्यायचा?"

"व्हय आबा. अजून भितोय. आप्पा अजून सातबारा पिशवीत घालून उशाला घेऊन झोपतात. दवाखान्यातसुद्धा नेला होता."

मालकांनी रोपाचं एक पान उलटं करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मी भितोय, तू भितीस, त्यो रान मिळालेला बी भितोय. मग सुखात हाय कोण?"

"एजंट," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. माझी जीभ मला एक दिवस खड्ड्यात घालणार, हे आई म्हणायची.

मालक हसले नाहीत. उठले, आपल्या घरून खुरपं आणि रंगाची रिकामी बादली घेऊन आले. बादलीच्या तळाला खिळ्याने भोकं पाडली. मग ह्या वयात गुडघ्यावर बसून त्यांनी रोपाभोवती खणलं, मातीचा गोळा न फुटता उचलला आणि बादलीत ठेवला. वरून हाताने माती दाबली. त्या दाबण्यात राग नव्हता, आप्पांनी कोय दाबली होती तसाच हात होता.

"ह्ये ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. पर बादलीत. भुईत लावायचं न्हाय. तुमी जाशीला तवा ह्ये तुमच्यासंगं गेलं पायजे," ते म्हणाले, आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "भाडं हजारानं वाढीवलंय."

मी खाली वाकून किल्ली घेतली. त्या रात्री लेकीने इतिहास पूर्ण केला.

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. सातव्या रिकाम्या दिवशी, जानेवारीअखेर, बादलीही टेम्पोत चढली. देवांच्या शेजारी बसून गेली आणि संध्याकाळी परत आली. मालकांनी बघून मान हलवली. लेकीची दहावी झाली, आता ती बारावीला आहे. भाडं साडेसातावर गेलंय, आणि तरी हे घर गल्लीत सगळ्यात स्वस्त आहे. मालकांचा पुण्यातला मुलगा दिवाळीला आला होता. भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता, "आबा, अकरा हजाराला घेणारं माणूस हाय माझ्याकडं. कशाला ह्यांना धरून बसलाय?" मालक काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. ज्यांचा आवाज दोन गल्ल्यांत जातो, ते त्या दिवशी हळू बोलले, ह्याचीच मला जास्त धास्ती वाटते. दिवाळीपासून ते काठी घेऊन चालतात, आणि घराची बोलणी आता मुलगाच करतो.

आठवा रिकामा दिवस येत्या गुरुवारी आहे, डिसेंबरच्या शेवटी. छापखान्यात परवाच नव्या स्कीमचं पत्रक जुळवलं, त्यात 'भाडं कशाला भरता?' असं मोठ्या टायपात होतं.

रविवारी मी आवराआवर सुरू केली. परड्यात जाऊन बादली उचलायला गेले, तर ती हलेना. मला वाटलं, पाणी जास्त झालं असेल, जड झाली असेल. दोन्ही हातांनी ओढली. बादली जरा तिरकी झाली आणि खाली बघितलं तर तळाच्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर येऊन सरळ भुईत गेलेलं.

पावणेदोन वर्षं रोज पाणी घातलं, एकदाही बादली फिरवून बघायचं सुचलं नाही. झाड आपल्या मनाने कूळ होऊन बसलं होतं.

भिंतीवर सावली पडली. मालक काठीवर वाकून उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"हलंना व्हय?" त्यांनी विचारलं.

"हलतीय की आबा," मी म्हटलं. "जड झालीय जरा."

ते काठी टेकत आत गेले. त्यांना दिसलं का, मला माहीत नाही. मी घरातून विळा आणला, बादली पायाने तिरकी धरली आणि मूळ कापलं. एका घावात तुटलं नाही. आतून पांढरं, ओलं होतं आणि त्याला तोच वास होता, बांधावरचा. जमिनीत राहिलेल्या टोकावर मी माती ओढली, पायाने सारखी केली, वर पाला टाकला. बादली उचलून पुढच्या दाराशी ठेवली, टेम्पोत पहिली चढेल अशी.

आप्पांना फोनवर सांगितलं नाही. पण मूळ तुटलेलं झाड किती दिवसांत मान टाकतं, हे आडून आडून विचारलं. आप्पा म्हणाले, थंडीचे दिवस हायत, चार-पाच दिवस कळायचं न्हाय, मग पानं खाली बघायला लागतात.

रविवार ते गुरुवार म्हणजे चार. गुरुवारी बादली मालकांच्या समोरून जाणार आहे, आणि पानं बघून रोपाची कळा ओळखणारा माणूस आहे तो. आज मंगळवार. सकाळी उठून गॅस पेटवायच्या आधी मी दाराशी जाऊन पानं बघितली. अजून हिरवी आहेत.